डुकराच्या रक्तातला मायकोप्लाझ्मा जनुकांवरून कसा ओळखावा

पशुवैद्यकात पदव्युत्तर शिक्षण सुरू केलेले विद्यार्थी, प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेले तंत्रज्ञ आणि डुक्करपालकांच्या गोठ्यावर रोज जाणारे पशुवैद्य, या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. डुकराच्या तांबड्या पेशींना चिकटून राहणारे मायकोप्लाझ्मा नावाचे जिवाणू पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याची पद्धत) आणि सिक्वेन्सिंगने (त्या तुकड्यातल्या अक्षरांचा, म्हणजे बेसचा, क्रम वाचून) ओळखायचे कसे, एवढाच विषय आहे. पीसीआरचं यंत्र चालवणं हा यातला सोपा भाग. जेलवर (डीएनएच्या प्रती आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या थरावर) पट्टी दिसली की जिवाणू सापडला असं धरून अहवाल लिहिला जातो आणि त्या अहवालावर विसंबून एखादा पालक कळपाच्या औषधांवर पैसे घालतो. पट्टीच्या आधी काय झालं आणि नंतर काय तपासलं, यावर त्या अहवालाची किंमत ठरते. म्हणून इथे भर त्या दोन्हींवर आहे.

आधी जिवाणू समजून घ्या

डुकरांत ताप, पांढुरकी कातडी आणि कावीळ असा आजार अमेरिकेत १९३२ सालीच नोंदला गेला होता. गुरांतल्या अ‍ॅनाप्लाझ्मोसिससारखा तो दिसे. १९५० मध्ये स्प्लिटर यांनी त्याच्या कारक जिवाणूला एपेरिथ्रोझून सुइस असं नाव दिलं आणि त्याचा लहान, सौम्य भाऊबंद एपेरिथ्रोझून पार्व्हम म्हणून वेगळा काढला. पुढची पन्नास वर्षं हे दोघे रिकेट्सियांच्या (दुसऱ्याच एका जिवाणूगटाच्या) गोतावळ्यात मोजले गेले. १६एस आरआरएनए जनुकाचा क्रम वाचता येऊ लागल्यावर ते मायकोप्लाझ्मा असल्याचं उघड झालं आणि २००१-०२ च्या सुमारास पहिल्याचं नाव मायकोप्लाझ्मा सुइस असं बदललं; दुसराही पुढे मायकोप्लाझ्मा पार्व्हम म्हणून ओळखला जाऊ लागला. तिसरा, कँडिडेटस (म्हणजे अजून तात्पुरतं नाव असलेला) मायकोप्लाझ्मा हीमोसुइस, २०१७ मध्ये चीनमधून प्रथम नोंदला गेला आणि नंतर इतर देशांतही सापडला. जुने संदर्भ शोधताना एपेरिथ्रोझून हे नावही टाकून पाहा, नाहीतर अर्धं साहित्य हाती लागणार नाही.

प्रयोगशाळेच्या दृष्टीने याचे चार गुण महत्त्वाचे आहेत. याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा उपयोग होत नाही आणि उपचारात टेट्रासायक्लिन गटाकडे वळावं लागतं. हा कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. प्लेटवर वसाहत वाढवून ओळख पटवण्याचा नेहमीचा रस्ता इथे बंद आहे. याचा जीनोम, म्हणजे एकूण डीएनए, फार लहान आहे. २०११ मध्ये मायकोप्लाझ्मा सुइसच्या दोन स्ट्रेनचे जीनोम प्रसिद्ध झाले: इलिनॉय स्ट्रेनचा सुमारे ७ लाख ४२ हजार बेसचा आणि केआय३८०६ चा सुमारे ७ लाख ९ हजारांचा. पार्व्हमचा तर जेमतेम ५ लाख ६४ हजारांचा आहे. ई. कोलायचा जीनोम ४६ लाखांच्या घरात असतो, त्यावरून अंदाज यावा. जगण्यासाठी लागणारं बरंचसं सामान हा यजमानाच्या रक्तातून घेतो, त्यात ग्लुकोज मोठं. बाधित पिल्लांच्या रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरते ती यामुळेच. चौथा गुण म्हणजे जीनोममध्ये जी आणि सी या बेसचं प्रमाण सुमारे ३१ टक्केच आहे. प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) निवडताना याची आठवण ठेवावी लागते.

संशय कधी घ्यावा आणि आधी काय वगळावं

पिल्लं पांढुरकी पडणं, ताप, कावीळ, वाढ खुंटणं, मादीला विण्याच्या सुमारास ताप आणि दूध आटणं, ही लक्षणं दिसली तर या जिवाणूचा विचार करावा. पण यातलं एकही लक्षण फक्त याचंच नाही. सिमेंटच्या फरशीवर वाढणाऱ्या दूधपित्या पिल्लांत लोहाच्या कमतरतेने होणारा पंडुरोग फार सर्रास दिसतो, आणि लोहाचं इंजेक्शन वेळेवर दिलं होतं का, हा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय नळी हातात घेऊ नका.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीवरची भारतातली पहिली नोंद झाली. तेव्हापासून आपल्याकडे डुकरांतला प्रत्येक तीव्र ताप त्या शक्यतेसह तपासायला हवा. मोठी डुकरंही भराभर मरत असतील, कान-पोट निळसर-तांबडं पडत असेल, तर मायकोप्लाझ्मा बाजूला ठेवा. मेलेलं जनावर फाडू नका, रक्त उघड्यावर सांडू देऊ नका, जिल्हा पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना ताबडतोब कळवा. २००९ च्या केंद्रीय कायद्याने असे रोग कळवणं बंधनकारक आहे आणि खात्रीची तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. अशा रक्तात विषाणू प्रचंड प्रमाणात असतो. ते साध्या प्रयोगशाळेत आणून उघडणं म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या कळपांना धोका देणं आहे.

रक्त घेताना

प्रतिजैविक सुरू करण्याआधी, शक्यतो ताप असतानाच रक्त घ्या. रक्तातली जिवाणूंची संख्या चढ-उतार करत राहते आणि टेट्रासायक्लिनचे दोन डोस गेल्यावर ती पीसीआरच्या आवाक्याबाहेरही जाऊ शकते. संशोधनासाठी रक्त घेत असाल तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी हवी, आणि टोचण्याचं काम पशुवैद्याचंच.

लहान पिल्लाला उताणं धरून, मोठ्या जनावराला वरच्या जबड्यात दोरीचा फास अडकवून स्थिर करतात आणि मानेच्या तळाशी उजव्या बाजूने मोठ्या शिरेतून रक्त काढतात. थोडंसंच हवं असेल तर कानाची शीर पुरते. नळी जांभळ्या झाकणाची, म्हणजे ईडीटीएची घ्या. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपॅरिन असतं आणि हेपॅरिन पीसीआर बंद पाडतं. ते डीएनएबरोबर पुढे पुढे येत राहतं. लाल झाकणाच्या नळीत रक्त गोठतं, तांबड्या पेशी गुठळीत अडकतात आणि वर उरलेल्या सीरममध्ये तुमचा जिवाणू जवळपास नसतो. दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरे. नळी आठ-दहा वेळा सावकाश उलटी-सुलटी करा, झटकू नका.

प्रत्येक जनावराला नवी सुई. हा जिवाणू ज्या वाटांनी पसरतो त्यांत डुकरातली ऊ, भांडणातल्या जखमा, शेपूट चावणं यांच्याबरोबर इंजेक्शनच्या सुया आणि कान कापायची हत्यारं येतात. एकच सुई सगळ्या कळपाला वापरणारा माणूस रोग शोधायला येऊन रोग पसरवून जाईल. हे पालकालाही तिथेच, त्याच्या लसीकरणाच्या सुयांकडे बोट दाखवून सांगा. पुढच्या सगळ्या तपासणीपेक्षा त्याला याचा उपयोग जास्त होईल.

नळीवर जनावराचा क्रमांक, वय, तारीख न पुसणाऱ्या पेनने लिहा. वहीत ताप किती होता, लोह कधी दिलं, औषध काय दिलं, उवा होत्या का, हे टिपा. नळ्या चार अंशांवर, बर्फाला थेट न चिकटवता, शीतपेटीतून आणा. दोन-तीन दिवसांत डीएनए काढणं होणार नसेल तर छोट्या भागांत विभागून उणे २० अंशांवर गोठवा, महिनोन्‌महिने ठेवायचे असतील तर उणे ८० वर.

थंड झालेल्या नळीच्या भिंतीवर रक्ताचे बारीक कण चिकटलेले दिसले तर ती नळी फेकू नका. या आजारात थंडीत तांबड्या पेशींना एकत्र बांधणारी प्रतिपिंडं तयार होतात. नळी ३७ अंशांवर ठेवून पाहा. कण विरघळले आणि थंड केल्यावर पुन्हा दिसले, तर खऱ्या गुठळीपेक्षा वेगळं काहीतरी आहे आणि संशयाला बळ मिळतं. अशी नळी पिपेट करण्याआधी कोमट करून नीट मिसळली पाहिजे, नाहीतर २०० मायक्रोलिटरमध्ये तांबड्या पेशी किती आल्या याचा भरवसा राहणार नाही.

रक्तलेप करा, पण त्यावर निकाल देऊ नका

ताज्या रक्ताचा पातळ लेप करून गीम्सा रंगाने रंगवणं पाच रुपयांचंही काम नाही, म्हणून ते जरूर करा. पेशीच्या कडेला किंवा पृष्ठभागावर गोल, कधी कडीसारखे निळसर-जांभळे ठिपके दिसतात. तांबडी पेशी साधारण सहा मायक्रोमीटरची आणि हा ठिपका एक मायक्रोमीटरच्याही आतला. रंगाचा साका, केंद्रकाचे उरलेले कण, लेप वाळताना पडलेल्या खुणा, हे सगळं अगदी असंच दिसतं. शिवाय ईडीटीएत बराच वेळ राहिल्यावर जिवाणू पेशीवरून सुटून येतात. लक्षणं नसलेल्या वाहक जनावरांत तर लेपावर काहीच सापडत नाही. २००९ मध्ये मायकोप्लाझ्मा सुइस तांबड्या पेशीच्या आतही शिरतो असं दाखवलं गेलं. तिथे प्रतिजैविकही पोहोचायला कठीण आणि प्रतिपिंडंही. लेपाने संशय वाढतो किंवा कमी होतो. ओळख पुढे होते.

प्रयोगशाळेतली वाट एकाच दिशेची ठेवा

तीन जागा वेगळ्या हव्यात: पीसीआरचं मिश्रण बनवण्याची, डीएनए काढण्याची, आणि पीसीआर झाल्यावर नळी उघडण्याची. तीन खोल्या नसतील तर तीन कोपरे, पण पिपेट, त्यांची टोकं (टिपा) आणि एप्रन वेगळेच. जेल चालवून झाल्यावर त्या दिवशी मिश्रण बनवायला परत येऊ नका. एका यशस्वी पीसीआरच्या थेंबात अब्जावधी प्रती असतात आणि त्यांतल्या शंभर जरी पिपेटवर बसल्या तरी पुढचा आठवडाभर तुमचं पाणीसुद्धा पॉझिटिव्ह येईल. फिल्टर असलेल्या टिपा वापरा. टेबल ताज्या ब्लीचच्या द्रावणाने पुसा आणि नंतर पाण्याने.

इथे एक सावधगिरी नव्यांना कुणीतरी सांगितलीच पाहिजे. डीएनए काढण्याच्या बहुतेक किटच्या लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) ग्वानिडिनचे क्षार असतात. त्यावर ब्लीच ओतलं तर विषारी वायू निघतो. सांडलेलं बफर आधी पाण्याने आणि साबणाने पुसा, त्याचा टाकाऊ भाग वेगळ्या बाटलीत साठवा.

डीएनए काढणं

सिलिका कॉलमच्या किटने हे काम तासाभरात होतं. २०० मायक्रोलिटर पूर्ण रक्त, प्रोटिनेज के, लायसिस बफर, ५६ अंशांवर दहा मिनिटं, मग इथेनॉल, कॉलम, दोन धुण्या आणि शेवटी ५० ते १०० मायक्रोलिटरमध्ये डीएनए उतरवणं. किटच्या पुस्तिकेत हे सगळं असतं. तिच्यात नसतं ते सांगतो.

रक्तासाठीची काही किट माणसाच्या किंवा जनावराच्या स्वतःच्या डीएनएसाठी बनवलेली असतात. त्यांत पहिल्यांदा तांबड्या पेशी फोडून, पांढऱ्या पेशी तळाशी बसवून, वरचं तांबडं पाणी ओतून देतात. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, त्यामुळे त्या कामासाठी ते योग्यच आहे. आपला जिवाणू मात्र तांबड्या पेशींवर बसलेला आहे आणि ओतून दिलेल्या पाण्यातून तो मोठ्या प्रमाणात निघून जाऊ शकतो. म्हणून पूर्ण रक्त थेट फोडणारं किट घ्या. याच कारणाने कुणी नुसता पांढऱ्या पेशींचा थर किंवा प्लाझ्मा पाठवला तर तो नमुना या तपासणीसाठी स्वीकारू नये.

प्रत्येक खेपेला रक्ताऐवजी स्वच्छ बफर घालून एक रिकामा नमुना सगळ्या पायऱ्यांमधून न्या. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० चं गुणोत्तर (डीएनएच्या शुद्धतेचं माप) १.८ च्या आसपास असलं की ठीक. मात्र तिथे दिसणारा जवळपास सगळा डीएनए डुकराचा असतो, हे विसरू नका. आकडा मोठा आला म्हणजे जिवाणू जास्त असं नाही. उतरवलेलं द्रावण तांबूस दिसत असेल तर हीम उरलं आहे आणि ते पीसीआरला अडवेल. पुन्हा धुऊन घ्या किंवा दहापट पातळ करून एक वेगळी अभिक्रिया लावा.

कोणतं जनुक वाचायचं

सुरुवात १६एस आरआरएनए जनुकापासून करा. सुमारे दीड हजार बेसचं हे जनुक सगळ्या जिवाणूंत असतं, जीनबँकेत (जगभरच्या जनुकक्रमांच्या खुल्या साठ्यात) त्याच्या नोंदी भरपूर आहेत आणि तुलना सोपी जाते. अडचण अशी की मायकोप्लाझ्मा सुइस आणि पार्व्हम यांची १६एस जनुकं एकमेकांच्या फार जवळची आहेत. तीनचारशे बेसचा तुकडा वाचून त्या दोघांत निवाडा करणं धोक्याचं. एक तर जनुक जवळजवळ पूर्ण वाचा, किंवा जोडीला जास्त बदलणारं दुसरं जनुक घ्या. आरएनपीबी, म्हणजे आरएनेझ पी च्या आरएनए भागाचं जनुक, या कामासाठी चांगलं आहे. फक्त मायकोप्लाझ्मा सुइस मोजायचा असेल तर तांबड्या पेशीला चिकटण्यासाठी तो वापरतो त्या एमएसजी१ प्रथिनाचं जनुक निवडतात. त्यावर आधारलेली रिअल-टाइम (प्रती वाढत असतानाच मोजणारी) पीसीआर २००७ पासून उपलब्ध आहे.

प्रसिद्ध झालेले प्रायमर घ्या, पण डोळे झाकून घेऊ नका. तिन्ही जातींचे क्रम उतरवून एकाखाली एक लावा आणि प्रायमर कुठे बसतो ते स्वतः पाहा. कँडिडेटस हीमोसुइस नोंदला जाण्याआधी बनवलेले प्रायमर त्याला पकडतीलच असं नाही. प्रायमरच्या ३-प्राइम टोकाकडे (जिथून नवी प्रत वाढू लागते तिथे) जुळणी बिघडली तर अभिक्रिया चालतच नाही. जाती वेगळ्या करायच्या असतील तेव्हा हाच गुण कामाला लावतात. ए-टीचं प्रमाण जास्त असल्यामुळे प्रायमर २० ते २५ बेसचे थोडे लांब ठेवावे लागतात.

उलट बाजूही तपासा. डुकरांत श्वसनमार्गाचे आणि सांध्यांचे मायकोप्लाझ्मा असतातच: हायोन्यूमोनी, हायोरायनिस, हायोसायनोव्ही. हायोरायनिस तर रक्तातूनही फिरतो. सगळ्या मायकोप्लाझ्मांसाठी बनवलेला सार्वत्रिक प्रायमर लावला तर पट्टी नेमकी कुणाची हे क्रम वाचल्याशिवाय कळणार नाही. त्याहूनही रुंद, सगळ्या जिवाणूंचे १६एस प्रायमर रक्तावर वापरले तर पाण्यातले, किटमधले, अगदी पीसीआरमध्ये प्रती करणारं टॅक एन्झाइम बनवताना मागे राहिलेले जिवाणूंचे डीएनएही उगवून येतात. नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

मिश्रण आणि कंट्रोल

२५ मायक्रोलिटरच्या अभिक्रियेसाठी: दुप्पट तीव्रतेचं तयार मिश्रण १२.५, दोन्ही प्रायमर १० मायक्रोमोलर द्रावणातून १-१, पाणी ८.५ आणि डीएनए २ मायक्रोलिटर. प्रत्येक नळीत वेगवेगळं मोजत बसू नका. नमुने अधिक कंट्रोल यांच्या संख्येत दहा टक्के वाढवून एकत्र मिश्रण करा, नळ्यांत वाटा आणि डीएनए शेवटी घाला. यंत्रावर ९५ अंशांवर पाच मिनिटं. मग ९५ वर ३० सेकंद, प्रायमरला साजेशा तापमानावर (बहुधा ५२ ते ६०) ३० सेकंद, ७२ वर प्रत्येक हजार बेसमागे एक मिनिट, अशी ३५ ते ४० चक्रं. शेवटी ७२ वर सात मिनिटं. नवे प्रायमर असतील तर पहिल्यांदा तापमानाचा उतार (प्रत्येक नळीला थोडं वेगळं तापमान) लावून योग्य अंश शोधा.

कंट्रोल, म्हणजे काम बरोबर चाललं का हे दाखवणाऱ्या तपासण्या, चार हवेत. डीएनएऐवजी पाणी असलेली नळी, डीएनए काढतानाचा रिकामा नमुना, पॉझिटिव्ह कंट्रोल, आणि प्रत्येक नमुन्यात डुकराचं स्वतःचं एखादं जनुक, उदाहरणार्थ बीटा-अ‍ॅक्टिन. चौथा कंट्रोल पैसे वाचवायला सगळ्यात आधी गाळला जातो आणि तोच निगेटिव्ह निकालाला अर्थ देतो. डुकराचं जनुकसुद्धा उगवलं नसेल तर त्या नळीत पीसीआर चाललीच नाही. तो नमुना निगेटिव्ह नाही, निकालाविना आहे.

पॉझिटिव्ह कंट्रोल आणायचा कुठून, हा प्रश्न या जिवाणूच्या बाबतीत खरोखर अवघड होता. प्लेटवर वाढत नसल्यामुळे पूर्वी प्लीहा काढलेल्या डुकरांना संसर्ग देऊन त्यांचं रक्त वापरत. आता त्या क्रूर वाटेची नव्या प्रयोगशाळेला गरज नाही. हव्या त्या क्रमाचा कृत्रिम डीएनए तुकडा बनवून मिळतो किंवा तो प्लाझ्मिडमध्ये (जिवाणूंतल्या छोट्या गोल डीएनएत) घालून ठेवता येतो. मागवताना त्या तुकड्यात एखादी ओळखखूण, म्हणजे मूळ जिवाणूत नसलेले काही बेस, घालून घ्या. उद्या नमुन्यात पट्टी आली आणि क्रमात ती खूण सापडली, तर कंट्रोलच सांडला होता हे लगेच समजेल.

जेल

दीड टक्का अ‍ॅगरोज, १०० बेसचं मोजमाप देणारी शिडी, १०० व्होल्ट, चाळीसेक मिनिटं. इथिडियम ब्रोमाइड वापरत असाल तर नायट्राइलचे हातमोजे आणि वेगळा कचरा. पाण्याच्या नळीत पट्टी आली तर त्या खेपेतला प्रत्येक पॉझिटिव्ह निकाल रद्द. ‘बाकीचे ठळक आहेत, ही फिकट आहे’ असं म्हणून पुढे जाऊ नये. नवं पाणी, नवे प्रायमर काढून सगळी खेप पुन्हा लावा.

क्रम वाचणं

अपेक्षित आकाराची पट्टी आली की ती शुद्ध करून सँगर सिक्वेन्सिंगला द्या, दोन्ही बाजूंनी. परत येणाऱ्या फायलींत नुसती अक्षरं वाचू नका, शिखरांचा आलेख उघडा. सुरुवातीचे तीस-पन्नास बेस आणि शेवटचा भाग अस्पष्ट असतो, तो कापा. प्रत्येक बेसच्या वाचनाची खात्री सांगणारा गुणांक २० म्हणजे शंभरात एक चूक, ३० म्हणजे हजारात एक. दोन्ही बाजूंचे वाचन एकमेकांवर ठेवून जिथे मतभेद आहे तिथे आलेख पाहून निर्णय घ्या, आणि निर्णय होत नसेल तर तिथे एन लिहा.

एकाच जागी दोन सुबक शिखरं पुन्हा पुन्हा दिसत असतील तर वाचन खराब आहे असं लगेच म्हणू नका. एका डुकरात दोन जाती एकत्र असू शकतात. अशा वेळी जातीनिहाय प्रायमरने वेगळी पीसीआर लावा किंवा तुकडा प्लाझ्मिडमध्ये क्लोन करून अनेक वसाहती स्वतंत्रपणे वाचा. या दुहेरी संसर्गांकडे दुर्लक्ष केलं तर सौम्य पार्व्हमच्या नावावर सुइसचा आजार किंवा उलट नोंदला जातो.

मग एनसीबीआयच्या ब्लास्टमध्ये (क्रम जीनबँकेतल्या नोंदींशी जुळवणाऱ्या साधनात) क्रम टाका. यादीत पहिलं आलेलं नाव उचलून अहवालात लिहिणं ही इथली सगळ्यात मोठी चूक. आधी पाहा तुमच्या क्रमाचा किती टक्के भाग जुळणीत आला आहे, मग साम्याची टक्केवारी. ६०० बेसवर ९९ टक्के साम्य म्हणजे सहा बेसचा फरक. तेवढ्याच फरकावर दुसऱ्या जातीची नोंदही बसत असेल तर त्या तुकड्यावरून जात सांगता येत नाही. जीनबँकेत कोणीही नोंद करू शकतो, त्यामुळे चुकीची नावं लागलेले क्रमही तिथे आहेत. तुलना पूर्ण जीनोम वाचलेल्या स्ट्रेनशी करा.

एमएसजी१ सारख्या प्रथिनाच्या जनुकाचं भाषांतर अमिनो आम्लांत करणार असाल तर सॉफ्टवेअरमध्ये संकेत-तक्ता क्रमांक ४ निवडा. बहुतेक जिवाणूंत यूजीए हा थांबण्याचा संकेत असतो, पण मायकोप्लाझ्मांत तो ट्रिप्टोफॅन देतो. नेहमीचा तक्ता ठेवला तर जनुक मध्येच तुटल्यासारखं दिसेल आणि चांगल्या वाचनावर तुम्ही उगाच संशय घ्याल.

वंशवृक्ष

गरज असेल तरच काढा. तिन्ही जातींचे विश्वासू क्रम, मांजर-कुत्र्यांतले रक्तातले काही मायकोप्लाझ्मा आणि बाहेरचा गट म्हणून मायकोप्लाझ्मा फर्मेंटन्स घ्या. सगळे क्रम एकाच लांबीचे कापा, मफ्ट किंवा मसल या सॉफ्टवेअरने जुळवा, मेगा या सॉफ्टवेअरमध्ये १००० बूटस्ट्रॅपसह (प्रत्येक फांदी किती भक्कम ते पाहणाऱ्या फेरतपासणीसह) वृक्ष काढा. रक्तातले मायकोप्लाझ्मा दोन मोठ्या शाखांत विभागतात आणि सुइस-पार्व्हम एका शाखेत शेजारी-शेजारी येतात. ते तसे आले नाहीत तर तुमची जुळणी आधी तपासा. बूटस्ट्रॅपच्या सत्तर टक्क्यांखालच्या आधारावर उभ्या असलेल्या फांदीवरून नवी उपजात जाहीर करू नका.

किती आहेत हे मोजायचं असेल तर

त्यासाठी रिअल-टाइम पीसीआर आणि ज्ञात प्रतींचं प्लाझ्मिड लागतं. हिशेब असा: नॅनोग्रॅमचे ग्रॅम करून ६.०२२ × १०^२३ ने गुणा आणि प्लाझ्मिडची लांबी गुणिले ६५० ने भागा. ४००० बेसच्या प्लाझ्मिडच्या एका नॅनोग्रॅममध्ये सुमारे २३ कोटी प्रती येतात. त्यातून दहा-दहापट पातळ करत सहा-सात पायऱ्या करा, प्रत्येक तीनदा लावा. चक्रसंख्या विरुद्ध प्रतींचा लॉगरिदम या आलेखाचा उतार उणे ३.३२ च्या जवळ म्हणजे कार्यक्षमता १०० टक्के; ९० ते ११० टक्के चालते. हिशेब रक्ताच्या प्रत्येक मिलिलिटरमागे सांगा, अभिक्रियेमागे नाही, नाहीतर दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळवता येत नाहीत. उपचाराआधी आणि नंतर एकाच जनावराचे आकडे पाहणं हा या मोजणीचा खरा उपयोग.

अहवालात काय लिहावं

पीसीआर जिवंत आणि मेलेला जिवाणू यांत फरक करत नाही. अनेक डुकरं वर्षानुवर्षं हा जिवाणू बाळगून निरोगी दिसतात, आणि टेट्रासायक्लिनने लक्षणं गेली तरी जिवाणू पूर्ण जातो असं नाही. त्यामुळे ‘आजाराचं कारण मायकोप्लाझ्मा सुइस’ असं प्रयोगशाळेने लिहू नये. ‘या रक्तात मायकोप्लाझ्मा सुइसचा डीएनए आढळला, १६एस जनुकाच्या इतक्या बेसवर अमुक स्ट्रेनशी इतकं साम्य’ असं लिहावं, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन, ताप, लोहाचा इतिहास यांच्याशी तो निकाल जोडून पाहण्याचं काम गोठ्यावरच्या पशुवैद्याने करावं. निगेटिव्ह निकालातही ‘या नमुन्यात आढळला नाही’ एवढंच. एका जनावराच्या एका नळीवरून कळप मुक्त ठरत नाही. संशय टिकून असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा, आणि अधिक जनावरांचं रक्त मागवा. जातीपर्यंत पोहोचता आलं नसेल तर ‘रक्तातला मायकोप्लाझ्मा, जात अनिश्चित’ हा पूर्ण सन्मानाचा निकाल आहे.

डुकरांच्या सतत सान्निध्यातल्या कामगारांच्या रक्तातही असे जिवाणू आढळल्याच्या नोंदी चीनमधून आल्या आहेत. घबराट पसरवण्याचं कारण नाही, पण रक्त हाताळताना हातमोजे, आणि सुई टोचली तर डॉक्टरांना सांगणं, हे नियम कुणासाठीही शिथिल करू नका.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरं मोजली गेली आणि आधीच्या गणनेपेक्षा ती १२ टक्क्यांनी घटली होती. ज्यांच्याकडे ती आहेत त्यांतले बरेच जण दोन-चार जनावरांवर घर चालवतात. अशा घरातल्या डुकराचा क्रम जेव्हा हाती येतो, तेव्हा तो संगणकात पडून राहू देऊ नका. यजमान प्राणी, राज्य, नमुन्याची तारीख आणि वाचलेलं जनुक यांसह जीनबँकेत जमा करा. पालकाचं नाव किंवा पत्ता त्यात घालू नका. उरलेला डीएनए उणे ८० अंशांवर, वहीतल्या क्रमांकाशी जुळणाऱ्या चिठ्ठीसह ठेवा, आणि निकाल ज्या दिवशी तयार होईल त्याच दिवशी त्या पशुवैद्याला फोन करून सांगा.